वाऱ्याकडे पाठ, काशीकडे तोंड

काशीत गंगा उत्तरेला वाहते, ही गोष्ट यात्रेकरूला निदान तिघंजण सांगतातच. रिक्षावाला सांगतो, लॉजचा मॅनेजर सांगतो आणि घाटावर पाय ठेवला की कुणीतरी न विचारता सांगतो. त्यामुळं पुण्य किती वाढतं ते विश्वनाथाला ठाऊक, पण उन्हाचा सगळा हिशोब मात्र बदलतो. नदी दक्षिणेकडून उत्तरेकडे, शहर सगळं पश्चिम काठावर आणि चौऱ्याऐंशी घाट पूर्वेला तोंड करून बसलेले. म्हणजे सकाळी सूर्य थेट डोळ्यांत. दुपार कलली की मागचे महाल आणि वाडे आपली सावली पायऱ्यांवर सोडतात आणि सगळा घाट फुकटात सावलीत येतो. काशीत खरी सावली हवी ती दुपारपर्यंतच. घाटावरच्या त्या प्रसिद्ध छत्र्या म्हणूनच सकाळी सगळ्या एका दिशेला, पूर्वेकडे, मान वाकवून उभ्या असतात. लोकांना वाटतं गंगेला नमस्कार चाललाय.

आणि समोरचा काठ? तिथं काहीच नाही. घर नाही, देऊळ नाही, पायरी नाही. हिवाळ्यापासून पावसाळा लागेपर्यंत लांबच लांब वाळू. नावाडी त्याला ‘उस पार’ म्हणतात. समुद्रापासून शेकडो मैल आत, पण मुंबईच्या माणसाला पाहिल्या पाहिल्या चौपाटी आठवावी अशी रेती.

आमच्या साडूभाऊंना ती आठवली. त्यांनी ती फोनच्या नकाशावर आधीच पाहून ठेवली होती.

साडूभाऊ बँकेतून निवृत्त झाले आणि गळ टाकू लागले. अलिबागजवळ अक्षीच्या किनाऱ्यावर पहाटे जायचं, गळ टाकायचा आणि बसायचं. पहिली काही वर्षं ते उघड्यावर बसत. मग कुठल्याशा व्हिडिओत त्यांनी इंग्लंडमधल्या गळवाल्यांचे निवारे पाहिले आणि तेव्हापासून घरात मासा येण्याचं प्रमाण होतं तेवढंच राहिलं, सामान मात्र वाढत गेलं.

किनाऱ्यावर गळ टाकून बसणाऱ्यासाठी निवारा निवडणं हे मुलीसाठी स्थळ बघण्याइतकं गंभीर काम आहे, हे मला त्यांच्याकडून कळलं. एक प्रकार असतो मोठ्या छत्रीचा, तिची मूठ काढून दांडा वाळूत खुपसायचा. दुसरा अर्ध्या तंबूचा, तीन बाजू बंद आणि समोरची उघडी. तिसरा पिशवीतून काढला की आपोआप उघडणारा. तो आपोआप मिटत नाही, ही गोष्ट जाहिरातीत नसते. मग कापडाचं जलरोधकत्व. ते मिलिमीटरमध्ये मोजतात. तीन हजार मिलिमीटर म्हणजे कापडावर तीन मीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ उभा केला तरी थेंब आत येणार नाही. साडूभाऊंनी हा आकडा कोकणातल्या वर्षभराच्या पावसाशी ताडून पाहिला आणि समाधानाने मान डोलावली. अख्खा पावसाळा एकदम कोसळला तरी ते कोरडे राहणार होते. पावसाळ्यात ते अक्षीला जातच नाहीत, हा मुद्दा मी काढला नाही. रंग शेवाळी घेतला, कारण भडक रंगानं मासा बिचकतो म्हणे. अक्षीचा मासा मान वर करून किनाऱ्यावर कोण काय नेसलंय ते बघत असेल तर मला त्याचं कौतुकच वाटेल.

या सगळ्या यादीत एक गोम आहे. ती यादी थंडीत कुडकुडणाऱ्या माणसानं केलेली आहे. तिकडे शत्रू म्हणजे बोचरा वारा आणि आडवा पाऊस, म्हणून तीन बाजू बंद. आपल्याकडे शत्रू एकच, तो डोक्यावर असतो. तीन बाजू बंद करून चैत्रातल्या वाळूवर बसणं म्हणजे स्वतःला वाफवून घेणं. आपल्या किनाऱ्यावर कुणी असलं काही बांधत नाही. झावळांची खोप असते, चार बाजूंनी उघडी. नाहीतर ओढून ठेवलेल्या होडीची सावली, तीही सरकेल तसं आपण सरकायचं.

सासूबाईंना काशीयात्रा घडवायचं ठरलं तेव्हा साडूभाऊंनी गळही बरोबर घेतला होता. सासूबाईंनी तो सीएसएमटीला, महानगरी एक्स्प्रेस सुटायच्या आधी, फलाटावरच पाहिला.

“जावईबापू, काशीला जाऊन मासे मारणार?”

“आई, तिथं मल्लाह लोक मारतातच.”

“त्यांचं पोट आहे त्यावर. तुमचं पेन्शनवर आहे.”

सोडायला आलेल्या भाच्याबरोबर गळ परत गेला. निवारा राहिला, कारण तो तर नुसती सावली होता, त्याला काय पाप लागणार! अशा रीतीनं किनाऱ्यावरच्या मासेमारीचा निवारा, मासेमारी वगळून, किनारा नसलेल्या गावाला निघाला.

खरं तर काशीत मासा हा काही परका विषय नव्हे. बंगाली टोल्यातल्या घरांना विचारा. सत्यजित राय यांच्या १९७९च्या ‘जय बाबा फेलुनाथ’मध्ये तर मछली बाबा नावाचा एक भोंदू बाबा घाटावर भक्तांना प्रसाद म्हणून माशाचे खवले वाटतो. पण घाटांसमोरच्या पाण्यावर मधली बरीच वर्षं कायद्याचा पहारा होता. १९८९ साली रामनगरच्या किल्ल्यापासून मालवीय पुलापर्यंतचा सातेक किलोमीटरचा पट्टा कासवांचं अभयारण्य म्हणून जाहीर झाला. अर्धवट जळलेली प्रेतं खाऊन कासवांनी गंगा साफ ठेवावी, अशी गंगा कृती योजनेतली कल्पना. कासवांकडे सरकारी काम सोपवण्यात निदान वेगाबद्दल कुणाची फसवणूक नव्हती. पुढे ते अभयारण्य उठलं.

पहिल्या सकाळी दशाश्वमेधाजवळच्या पायऱ्यांवर उतरलो. सासूबाईंनी एका छत्रीखालची चौकी पसंत केली. घाटियानं, म्हणजे त्या चौकीवरच्या पुरोहितानं, गाव विचारलं, आडनाव विचारलं, मूळ गाव विचारलं आणि उत्तरेकडच्या हेलात, पण व्यवस्थित मराठीत म्हणाला, “बसा, आई. पाय वर घ्या, दगड गार आहे.” एवढं वाक्य कुठल्याही जावयानं सासूबाईंना आजवर म्हटलं नव्हतं. त्या जागेवरून त्या दुपारपर्यंत हलल्या नाहीत.

ती छत्री मी नीट पाहून घेतली. मधे बांबूचा जाड दांडा. वर बांबूच्या कामट्यांचा गोल सांगाडा, त्यावर ताडाची पानं एकावर एक बसवून सुतळीनं आवळलेली. कडेला पानं झिजून त्यांची झालर झालेली. एका ठिकाणी पान गेलं होतं, तिथं सिमेंटच्या पोत्याचा तुकडा शिवला होता. दांड्याला वर्षानुवर्षं हात लागून तो मधल्या उंचीवर गुळगुळीत आणि काळा पडलेला. बुडाशी दोन दगड आणि चौकीच्या पायाला मारलेला दोरीचा वेढा. बस्स. मेख नाही, ताण द्यायची दोरी नाही, वाळूचे खिसे नाहीत. ऊन सरकलं की घाटिया बोलता बोलता पायानं एक दगड ढकलतो आणि छत्री चार बोटं वळते. संकल्प थांबत नाही. खाली सगळीकडून वारा खेळतो, वर पानांतूनही थोडा झिरपतो. चौकीवर आरसा, कंगवा, गंधाची वाटी, कुंकवाचा डबा, आणि आंघोळीला उतरलेल्या अनोळखी लोकांचे कपडे, चष्मे, फोन, एकाची तर कवळीसुद्धा. तीन हजार मिलिमीटरच्या कापडाखाली कुणी आपली कवळी विश्वासानं ठेवून गेल्याचं मी ऐकलेलं नाही.

साडूभाऊंनीही पाहिली. “डिझाइन बरं आहे,” ते म्हणाले, “पण पोर्टेबल नाही.”

त्यांना तिथंच, पायऱ्यांवर, आपला निवारा लावायचा होता आणि दिशेच्या दृष्टीनं त्यांचं काही चुकत नव्हतं. निवारा मांडण्याचा पहिला नियम असा, की पाठ वाऱ्याकडे आणि तोंड पाण्याकडे. अक्षीला हे पहाटे बिनबोभाट जमतं. समुद्र पश्चिमेला आणि पहाटेचा वारा जमिनीवरून समुद्राकडे, म्हणजे आपल्या पाठीमागून. शाळेत भूगोलाच्या बाईंनी मतलई वारे आणि खारे वारे पाठ करून घेतले ते याचसाठी असावेत. दुपारी खारे वारे सुटले की तोच नियम अक्षीलाही कोलमडतो, पण तोवर साडूभाऊ घरी येऊन आंबोळ्या खात असतात. काशीच्या घाटावरही चैत्रातला वारा पाठीकडून, पश्चिमेचा. त्याला तिकडे पछुआ म्हणतात. वर मागे महालांची भिंत, समोर नदी. गळवाल्यासाठी यापेक्षा सोयीची जागा ब्रह्मदेवाला आखता आली नसती.

अडचण एवढीच, की दगडात मेख जात नाही. साडूभाऊंनी ॲल्युमिनियमची एक मेख दोन पायऱ्यांच्या फटीत घालून पाहिली. फट अहिल्याबाईंच्या घाटाकडे जाताना लागते तिथली. शेजारचा एक न्हावी वस्तरा हवेत धरून हे पाहत राहिला. मग म्हणाला, “गुरु, ई बनारस हौ. इहाँ कील ना गड़ी, आदमी गड़ जाई.”

मी त्यांना शिंदे घाटाची गोष्ट सांगितली. बायजाबाई शिंद्यांनी १८३०च्या सुमारास तो असा भक्कम बांधला, की तो स्वतःच्याच वजनानं नदीच्या गाळात खचला. शेजारचं रत्नेश्वराचं देऊळ अजून तिरकं उभं आहे, त्याचा गाभारा वर्षातला बराच काळ पाण्यात असतो. ग्वाल्हेरच्या दौलतीला जिथं पाया लागला नाही तिथं आपण साडेचारशे रुपयांच्या मेखांच्या संचावर किती भिस्त ठेवायची? साडूभाऊ म्हणाले, मेखा तर वाळूसाठीच असतात. आपण पलीकडे जाऊ.

सासूबाई यायला तयार नव्हत्या. काशीत मेलेला मुक्त होतो, पण पलीकडे, रामनगरच्या बाजूला, व्यासकाशीत मेला तर पुढचा जन्म गाढवाचा, असं तिकडे सगळे सांगतात. घाटियानंही सांगितलं. “माझं वय झालं,” त्या म्हणाल्या. “तिकडे तंबूत डोळा लागला आणि तसंच झालं तर? तुम्ही जा. तुमचं काय बिघडणार आहे?” यातलं शेवटचं वाक्य आम्ही दोघा जावयांनी आपापल्या परीनं समजून घेतलं.

नाव उस पार लागली तेव्हा आठ वाजून गेले होते. वाळूवर घोडे होते, एक उंट होता, ताडपत्रीखाली चहा आणि मॅगी होती. या वाळूवर मोठमोठ्यांनी मुक्काम मांडून पाहिले आहेत. २०२१ साली इथं एक लांबलचक कालवा खणला, तो त्याच पावसाळ्यात गंगेच्या पोटात गेला. जानेवारी २०२३मध्ये पंतप्रधानांनी इथल्या तंबूनगरीचं उद्घाटन केलं. पंचतारांकित तंबू, आत पलंग, न्हाणीघर. ते प्रकरण राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेलं. तेव्हा साडूभाऊ काही पहिले नव्हते, फक्त त्यांच्यावर अजून कुणी याचिका केली नव्हती.

इथं मेख जात होती. इतकी सहज, की तितक्याच सहज बाहेर येत होती. कोरड्या वाळूत मेख रोवणं आणि दह्यात काडी उभी करणं यात काडीचाही फरक नाही. पहिल्या झोतासरशी निवारा उठला आणि उंटाच्या दिशेनं निघाला. उंटानं त्याच्याकडे पाहिलं आणि मान फिरवली.

तेव्हा आमचा नावाडी पुढं आला. तरुण पोरगा, खांद्यावर गमछा. त्यानं बांबूचा वीतभर तुकडा घेतला, ताणाची दोरी त्याच्या बरोबर मधोमध बांधली, हातभर खड्डा करून तो तुकडा आडवा पुरला, वर वाळू लोटली, टाचेनं दाबली आणि चहावाल्याकडून मागून आणलेलं तांब्याभर पाणी त्यावर ओतलं. “अब खींचिए.” साडूभाऊंनी ओढलं, मी ओढलं, दोघांनी मिळून ओढलं. हललं नाही. उभी मेख वर खेचली की निघते, आडवं लाकूड अख्ख्या वाळूचं वजन घेऊन बसतं. निवाऱ्याबरोबर आलेल्या पुस्तिकेच्या सात भाषांत हे नव्हतं.

निवारा उभा राहिला. तोंड गंगेकडे, समोर अख्खी काशी, दशाश्वमेधापासून थेट मणिकर्णिकेच्या धुरापर्यंत. साडूभाऊ आत बसले. आणि नऊच्या सुमारास पछुआनं जोर धरला.

आता इथला पेच बघा. या काठावर नदी पश्चिमेला, वाराही पश्चिमेकडून. नदीकडे तोंड केलं की वारा वाळूसकट उघड्या बाजूनं आत. तीन बंद भिंतींनी तो अडतो आणि निवाऱ्याचं शीड होतं. साडूभाऊंच्या चष्म्यावर, मिशीत, थर्मासच्या झाकणात गंगेची रेती. “फिरवा!” ते आतून ओरडले. फिरवला. पाठ वाऱ्याकडे झाली, नियम पाळला गेला, वारा थांबला. पण आता पाठ गंगेकडेही झाली, विश्वनाथाकडेही झाली, समोर पूर्वेचा सूर्य आला आणि नदीवरचं जगातलं एक नामांकित दृश्य सोडून साडूभाऊ उंटाकडे बघत बसले. मेहुणीनं फोटो काढला. त्यात ते आणि उंट एकमेकांकडे पाहताहेत. दोघांच्या चेहऱ्यावर एकच प्रश्न आहे.

ज्या काठावर दिशा जमते तिथं मेख जात नाही, आणि जिथं मेख जाते तिथं दिशा जमत नाही. काशीनं हा घोळ हजारो वर्षं असाच ठेवलेला आहे आणि त्याबद्दल तिथं कुणाची तक्रार नाही, कारण या वाळूवर नदीकडे तोंड करून बसायचं कुणी मनावरच घेतलेलं नाही. थोडं पुढं काकडी-खरबुजांचे वेल होते आणि राखणदाराची मडई. सरपताच्या गवताची, बुटकी. पश्चिमेकडची पाख पार वाळूला टेकवलेली, दार पूर्वेला. तीही नदीकडे पाठ करूनच होती. पण राखणदाराला खरबुजं बघायची होती आणि ती पूर्वेलाच होती. मी नावाड्याला विचारलं, तुमच्यात मासे धरणारे सावलीला काय करतात? “अँधेरे में जाते हैं, बाबूजी. धूप निकलने तक तो बाज़ार में।” आणि तू? त्यानं खांद्यावरचा गमछा काढून डोक्यावर टाकला.

निवारा मिटवायला उभारण्याच्या दुप्पट वेळ लागला. त्याची पिशवी त्याच्याहून लहान शिवलेली असते, हा या धंद्यातला जागतिक नियम आहे.

परत आलो तेव्हा सावली पायऱ्यांवर उतरू लागली होती. सासूबाई छत्रीखालीच होत्या. एव्हाना त्यांना घाटियाच्या थोरल्या मुलाचं शिक्षण, धाकट्या सुनेचं माहेर आणि १९७८चा पूर एवढं कळलं होतं. त्या साली पाणी ७३.९०१ मीटरवर गेलं होतं. धोक्याची पातळी ७१.२६२, हा आकडा घाटावर पोरालाही पाठ असतो. पाणी चढू लागलं की चौक्या आणि छत्र्या एकेक पायरी वर सरकतात. पार वर गेल्या की गल्लीच्या तोंडाशी दाटीवाटीनं उभ्या राहतात. आणि आश्विनात गाळ उपसून झाला की प्रत्येक छत्री नेमकी आपापल्या पायरीवर परत. कुठं आखलेलं नसतं, पण हातभर सरकून बघा, भांडण तीन पिढ्या मागून सुरू होतं.

साडूभाऊंचा व्यापारी मेंदू मात्र जागा होता. त्यांनी छत्रीच्या कडेची पानं चाचपली आणि विचारलं, अशी एक केवढ्याला पडेल?

घाटिया हसला. इथं मात्र त्यानं मराठी सोडलं. “छतरी? छतरी तो आप यही ले जाइए। पर बैठिएगा कहाँ?”

शेवटच्या दिवशी सोडण्याचा विषय निघाला. काशीला गेलं की आवडीचं काहीतरी सोडून यायचं, ही आपल्याकडची रीत. त्यामुळं महाराष्ट्रात काशी करून आलेल्या घरांत कारलं, शेपू आणि दुधी शिजत नाही. सासूबाईंनी पाण्यात उभं राहून बांगडा सोडला. बांगडा त्यांना उभ्या जन्मात आवडलेला नाही. पापलेट, सुरमई, कोलंबी आणि तिसऱ्या सुखरूप राहिल्या.

“तुम्ही काय सोडताय, जावईबापू?”

सगळ्यांचं लक्ष खांद्यावरच्या शेवाळी पिशवीकडे गेलं. साडूभाऊंनी पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेतली, गुडघाभर पाण्यात उतरले, ओंजळ भरली आणि म्हणाले, “शिंगाळा.”

मेहुणी थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “अहो, पण तुमच्या गळाला शिंगाळ्याशिवाय दुसरं काही लागतच नाही.”

“माहीत आहे.”

“मग आता अक्षीला जाऊन करणार काय?”

“बसणार,” साडूभाऊ म्हणाले. “गळ हवा तर विकून टाक.”